खुर्चीत बसून दिलेली उत्तरं

४ फेब्रुवारी

माझ्या नणंदेने काल विचारलं, "वहिनी, हे काम भरवशाचं आहे का?" आणि मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं आहे. जन्मभर मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. वर्गात कुणी प्रश्न विचारला आणि मी गप्प राहिले असं कधी झालं नाही. काल झालं. वन्सं चहा संपवेपर्यंत वाट बघत बसल्या आणि मी कपबशा उचलायच्या निमित्ताने आत गेले.

परिस्थिती अशी आहे. ह्यांना गेल्या वर्षी झटका आला, उजवी बाजू गेली. बोलणं सावकाश झालं, डोकं मात्र शाबूत आहे. उठवणं, आंघोळ, खुर्चीत बसवणं, परत पलंगावर घेणं, सगळं मीच करत होते. डिसेंबरात पाठ धरली ती सुटेना. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरून बघितला आणि म्हणाले, "बाई, आता पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. नवरा तर नाहीच नाही." तेव्हापासून ब्रदर येतो. दवाखान्यातली ड्यूटी सांभाळून घरोघरच्या रुग्णांचं करतो. दांडगा माणूस, सगळे त्याला ब्रदरच म्हणतात. त्याचा पगार आमच्या पेन्शनीत बसत नाही.

वन्संच्या घराजवळ एक सेवागृह आहे. ह्यांच्या जुन्या कारखान्यातल्या माणसांना तिथे फुकट ठेवून घेतात. वन्संनी मार्चअखेरपर्यंत एक खाट अडवून ठेवली आहे. तोवर मला बसल्या जागी ब्रदरपुरतं कमावता आलं तर हे घरी राहतील. नाही आलं तर जातील. बाकी सगळा तपशील आहे.

काम भाचीने सुचवलं, म्हणजे वन्संच्याच मुलीने. एका कंपनीच्या साइटवर मुलं प्रश्न टाकतात, आपण उत्तरं लिहायची, दर उत्तरामागे पैसे. कंपनी कुठल्या गावची ते भाचीलाही ठाऊक नाही.

६ फेब्रुवारी

माझ्या पदवीच्या कागदाचा फोटो पाठवला. त्यांनी परीक्षा घेतली. या वयात परीक्षा द्यायची म्हणून पहाटे उठून जुनं पाठ्यपुस्तक चाळलं, हे कुणाला सांगितलं नाही. पास झाले. ह्यांनी विचारलं, "किती मार्क?" म्हटलं, "ते सांगत नाहीत." म्हणाले, "मग पहिली आलीस असं समज."

कामाची रीत अशी: कॉम्प्युटर टिणकतो. प्रश्न दिसतो. घेतला तर ठरावीक वेळात उत्तर पाठवायचं, सोडला तर सोडल्याची नोंद होते. उत्तर वाचून मुलं अंगठा वर करतात नाहीतर खाली. खाली अंगठे फार झाले की आपलं दुकान बंद. मुलाचं नाव दिसत नाही, तोंड तर नाहीच.

भाचीने खुर्चीला उशी बांधून दिली. पलंगावरून हे मला बघू शकतात आणि मी ह्यांना. व्यवस्था चांगली आहे.

९ फेब्रुवारी

पहिल्याच आठवड्यात खाली अंगठे. कारण मी शेवटची पायरी लिहीत नव्हते. वर्गातही लिहीत नसे. सगळी रीत दाखवायची, आकडेमोड आणून ठेवायची आणि "आता पुढचं तू कर" म्हणून खडू खाली ठेवायचा. इथेही तेच केलं.

भाचीला फोन लावला. ती हसतच सुटली. "मामी, त्यांना शिकायचं नाहीये गं. त्यांना उतरवून द्यायचंय. सकाळी वही जमा असते."

"मग मी काय पीठ दळून देणारी गिरणी आहे?"

"हो," ती म्हणाली. "पण चांगली गिरणी हो."

ह्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "गिरणीवाल्याला पाठ लागत नाही. घे काम."

आजपासून शेवटची पायरी लिहिते आहे. अंगठे वर आहेत. मला बरं वाटलं नाही, पण वाईटही वाटायला सवड झाली नाही.

१५ फेब्रुवारी

आज एक जुना मित्र भेटला. प्रश्न: हायड्रोक्लोरिक आम्लाचं अतिशय पातळ द्रावण, दहाचा उणे आठवा घात इतकं, त्याचा पीएच किती? दर वर्षी अर्धा वर्ग या खड्ड्यात पडायचा. सूत्रात आकडा घातला की आठ येतो आणि मुलं खुशाल आठ लिहितात. आठ म्हणजे अल्कधर्मी. आम्लात पाणी ओतून त्याचा साबण होतो का? पाण्याचे स्वतःचे आयन मोजायचे विसरलात. ते धरले की उत्तर सातच्या किंचित खाली येतं.

मी पूर्ण रीत लिहिली आणि शेवटी माझं नेहमीचं वाक्य: "आम्ल कितीही पातळ केलं, तरी ते अल्क होत नाही, म्हणून आठ हे उत्तर आकड्यांना पटलं तरी रसायनशास्त्राला पटत नाही." हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. त्यातला शब्द कधी हलवला नाही. शब्द हलला की मुलांचा अर्थ हलतो.

अंगठा खाली. शेरा: "पुस्तकात ८ दिलंय."

तासाभराने तोच प्रश्न दुसऱ्या कुणाकडून आला. तेच उत्तर, तेच वाक्य. या वेळी खाली दोन ओळी आल्या: "मॅडम, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आठच लिहून टाकलं असतं." मी ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं.

१ मार्च

महिन्याचे पैसे खात्यात आले. ब्रदरचा पगार निघाला. त्याच्या हातात देताना मी जरा ताठ उभी राहिले असेन, कारण हे म्हणाले, "पाठीला जप."

ब्रदर ह्यांना उचलताना सारखा बोलतो. "काका, चला, वरती." हे म्हणतात, "सख्ख्या भावाने कधी पाणी विचारलं नाही, आता ब्रदर कडेवर घेतो." हे कारखान्यात क्रेन चालवायचे. अख्खी यंत्रं उचलून रेल्वेच्या वाघिणीत ठेवायचे, कपबशी ठेवावी तशी. आता दोन वेळा स्वतःलाच उचलवून घेतात आणि ब्रदरला सूचना देतात: "डावीकडे घे. थांब. हळू सोड."

वन्संना फोन करून पैसे आल्याचं सांगितलं. म्हणाल्या, "एकदा आले म्हणजे दर वेळी येतील असं नाही, वहिनी. तुम्हाला तिथलं एक माणूस तरी माहीत आहे का?" मी म्हटलं, "पोस्टातलं तरी कुठलं माणूस मला माहीत आहे? पत्र येतंच." उत्तर हजरजबाबी होतं. खरं होतं का, ते मार्चअखेर कळेल.

जेवणात हे निम्मं ताट परत पाठवतात. तोंडाला चव नाही म्हणतात. दटावलं. तेवढ्यापुरते दोन घास जास्त घेतले.

६ मार्च

हे लिहावं की नाही याचा सकाळपासून विचार केला. लिहिते.

आज साडेदहाच्या सुमारास तोच आम्लाचा प्रश्न आला. दिलं उत्तर. लगेच पुन्हा तोच. मग पुन्हा. आकडे तेच, प्रश्नाची मांडणी तीच, एका ठिकाणी स्वल्पविराम चुकला होता तोही तसाच. फोटो तिरके काढलेले. एका फोटोत बाकाची कड दिसत होती आणि कुणाचं तरी मनगट.

कुठेतरी परीक्षा चालू होती. या क्षणी. मुलं बाकाखालून फोटो पाठवत होती.

मी वर्गांवर देखरेख केलेली बाई आहे. बाहीत लपवलेली चिठ्ठी मला दारातून दिसायची. मुली म्हणायच्या, "बाईंना पाठीलाही डोळे आहेत." आज ती पाठ उशीला टेकवून मी त्यांना चिठ्ठ्या पुरवत होते. थांबवता आलं असतं. प्रश्न सोडायचा, सोडल्याची नोंद होऊ द्यायची. एक सोडला. लगेच लाल पट्टी आली: एवढे सोडलेत तर खातं तपासावं लागेल. दाराबाहेर ब्रदरच्या चपला वाजल्या. ह्यांना खुर्चीत बसवायची वेळ झाली होती.

बाकीचे घेतले. सगळ्यांना तेच उत्तर, तेच वाक्य. निदान बरोबर तरी उतरवा.

ह्यांनी विचारलं, "आज फार टिणटिण होती?" म्हटलं, "हंगाम आहे."

१० मार्च

टिणकत नाही.

सकाळी वाटलं नेट गेलं. मग पाटी दिसली: "आपलं खातं तात्पुरतं थांबवण्यात आलं आहे. आपली उत्तरं याआधी प्रसिद्ध झालेल्या उत्तरांशी शब्दशः जुळतात. नक्कल हा गंभीर नियमभंग आहे." कुणाच्या उत्तरांशी जुळतात ते खाली जोडलं होतं. उघडून बघितलं. माझंच होतं. १५ फेब्रुवारीचं.

मी माझी नक्कल केली असा आरोप आहे.

मदत विभाग म्हणून एक खिडकी आहे, तिथे सविस्तर लिहिलं. की प्रश्न तोच असेल तर उत्तर तेच असणार. दोन अधिक दोनचं उत्तर मंगळवारी वेगळं लिहू का? आणि नक्कल करणारे तुमच्याकडे पैसे भरतात, मी नव्हे. शेवटची ओळ खोडली. मग पुन्हा घातली.

एका श्वासात उत्तर आलं. फार नम्र मुलगा आहे. "आपली अडचण आम्ही समजू शकतो. आपल्या संयमाबद्दल आभार."

१२ मार्च

तो मुलगा रविवारीही कामावर होता. पहाटेही असतो. बिचाऱ्याला बहुधा तिथे सुट्टीच देत नाहीत. मी लिहायचा अवकाश की त्याचं उत्तर हजर, एक चूक नाही, एक काना इकडे नाही. असं शुद्ध लिहिणारा मुलगा मला वर्गात एकच भेटला होता. आज न राहवून विचारलं, "बाळा, जेवलास का? वरचे कुणी साहेब आहेत का, ज्यांच्याशी बोलता येईल?"

त्याने लिहिलं, "आपल्या प्रश्नाबद्दल आभार. आपली विनंती योग्य विभागाकडे पाठवली आहे." जेवणाचं काही बोलला नाही. नोकरीत नवा असेल, बोलायची परवानगी नसेल.

हे पलंगावरून माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "तुझं पत्र छान आहे. पण वाचणारं कुणी आहे का बघ."

"आहे ना. लगेच उत्तर देतो."

"तेच म्हणतोय," म्हणाले आणि डोळे मिटले.

१६ मार्च

निकाल आला. खातं कायमचं बंद. या महिन्यातली सगळी कमाई "नियमभंगामुळे रद्द". त्या नम्र मुलाने आभार मानून निरोप घेतला. मी पुन्हा लिहिलं तर खिडकी उघडत नाही.

वन्संना सांगितलं नाही. भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मामी, शब्द थोडे इकडेतिकडे करायचे असतात गं. सगळे तसंच करतात. तेच उत्तर, नुसता वेष बदलायचा."

"म्हणजे खरी नक्कल केली असती तर चाललं असतं."

"हो," ती म्हणाली. या वेळी हसली नाही.

ब्रदरला सांगितलं, आता फक्त सकाळी ये. तो म्हणाला, "काकू, पैशाचं नंतर बघू." मी म्हटलं, "नंतर बघायचं असतं ते कधी बघितलं जात नाही. सकाळीच ये." संध्याकाळचं मी बघेन. कमरेला पट्टा बांधून. वाकायचं गुडघ्यातून, कमरेतून नाही, हे ब्रदरचं बघून बघून पाठ झालं आहे.

१७ मार्च

भाचीने दुसऱ्या एका साइटवर नाव घातलं. पदवीच्या कागदाचा फोटो अस्पष्ट आहे म्हणून परत आला. कागदच अस्पष्ट झाला आहे. शिक्का पुसला आहे.

१९ मार्च

आज आम्ही दोघं पडलो.

चार वाजता ह्यांना खुर्चीतून पलंगावर घेत होते. पट्टा बांधला, गुडघ्यातून वाकले, उचललं. उचलले गेले. ते हलके लागले, त्याचंच नवल करत असताना पाठीतून कळ गेली आणि मी खाली आले. ते माझ्यावर आले नाहीत, बाजूला पडले. डाव्या हाताने पलंगाची कड धरून स्वतःला वळवलं त्यांनी. कुणाला फार लागलं नाही. पण दोघांनाही उठता येईना. पलंग आणि खुर्चीच्या मधल्या पट्ट्यात आम्ही शेजारी शेजारी, छताकडे तोंड करून.

"क्रेनवर पाटी असते," हे म्हणाले. त्यांचं वाक्य संपायला वेळ लागतो, मी थांबले. "किती वजन उचलायचं त्याची. वाचायची असते."

"मला वाचता येतं."

"येतं. मानत नाहीस."

फोन खुर्चीवर होता. हात पुरत नव्हता. हे म्हणाले, "काठीने ओढ." काठी पलंगाखाली. मग दोघांनाही हसू आलं, ते पाठीला सोसेना, म्हणून थांबवलं.

"दुसरी साइट मिळेल," मी म्हटलं. "नवा फोटो पाठवते."

"तुझ्या वन्संना सांगितलंय मी. खाट माझ्या नावाने कर म्हणून."

"कधी?"

"झाले बरेच दिवस. तू प्रश्न सोडवत होतीस."

 म्हणजे वन्संनी ह्यांच्या मनात भरवून दिलं, माझ्या पाठीमागे, मार्च संपायच्या आत. मुदत दिली आणि मुदतीच्या आधीच पेपर काढून घेतला. आणि हे गेले त्यांच्या बोलण्यात. आजारी माणूस बोलण्यात यायला वेळ लागत नाही.

ब्रदर नेहमीच्या वेळी आला. येऊ नकोस म्हणून सांगितलेलं असताना आला. आधी ह्यांना उचललं, मग मला. ह्यांना पलंगावर ठेवताना म्हणाला, "काका, अर्धे झालात की हो. जेवत जा." हे म्हणाले, "तिला सोपं जावं म्हणून." अशा वेळीही विनोद सुचतो.

२२ मार्च

वन्सं आल्या. मी दार उघडलं आणि म्हटलं, "मुदत संपलेली नाही."

"बसू तर द्या, वहिनी."

बसल्या. चहा मी केला नाही, पाठीमुळे. त्यांनीच केला आणि माझ्या स्वयंपाकघरात साखर कुठे आहे ते त्यांना विचारावं लागलं नाही. मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. भांडायला नव्हे, खरंच विचारला: "भरवशाचं आहे का हो ते काम? मुलीने मला सांगितलं. आमच्या शेजारणीची मुलगीही म्हणतेय, करू का म्हणून."

आता मला उत्तर येत होतं. म्हटलं, "काम खोटं नाही. प्रश्न खरे येतात, पैसेही येतात, मला आले. पण भरवसा एका बाजूचा आहे. ते माझी पदवी तपासतात, वेळ मोजतात, शब्द न् शब्द चाळतात. मी त्यांचं काय तपासायचं? त्यांना दार नाही, वन्सं. चूक झाली तर जाऊन भांडायला दार लागतं. तिला सांगा, वरखर्चाला कर. ज्याच्यावाचून अडेल अशा कशाला करू नको."

वन्सं म्हणाल्या, "दादाला मी भरवलं नाही. त्याने मला तीनदा फोन केला. मी दोनदा नाही म्हटलं."

मी म्हटलं, "तुम्ही त्यांना पाठीशी घालता, लहानपणापासून." त्यांनी माझ्याकडे बघितलं. कप विसळून ठेवला.

आत हे जागेच होते. "काय ठरलं?" म्हणाले.

"तुम्ही ठरवलंच आहे ना."

"हो," म्हणाले. "आता तू रागाव हवं तर. राग उचलायला पाठ लागत नाही."

२८ मार्च

ह्यांना सेवागृहात पोचवलं. ब्रदरने गाडीत बसवलं, उतरवलं, खाटेवर ठेवलं. खाट खिडकीपाशी आहे. शेजारच्या खाटेवर ह्यांच्याच कारखान्यातला एक वेल्डर आहे, त्याला ऐकू येत नाही पण तो हसतो. ब्रदर उशी नीट करत होता तेव्हा हे म्हणाले, "हूक काढ आता." ब्रदरला कळलं नाही. मला कळलं. मी पांघरूण नीट केलं.

मग टेबलाशी बसलेल्या मुलीकडे सोपवलं ते असं:

रोजचे कपडे, एक पिशवी. औषधं, एक पिशवी. चष्मा. दाढीचं सामान.

आणि तोंडी: उचलताना डाव्या बाजूने धरावं, ती मदत करते. "एक, दोन, तीन" म्हणू नये. ते दोनलाच उठायला बघतात. पाणी चमच्याने. बोलतात सावकाश, वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं, मधे शब्द सुचवू नये, त्यांना चालत नाही. जेवण निम्मं टाकतात, आपण शेजारी उभं राहून खायला लावावं. दुखलं तर सांगत नाहीत, विनोद करतात. विनोद जास्त झाले की डॉक्टरांना बोलवावं.

मी पायरीपायरीने सांगितलं, शेवटची पायरी धरून. मुलीने मान हलवत सगळं ऐकलं. मग कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं: रुग्ण एक, पुरुष. पिशव्या दोन. चष्मा एक. विशेष सूचना नाहीत.

वाचून सही केली.